वखार कशानं पेटली

अमरावती,
माघ वद्य तृतीया, शके १७८६

पंजाबराव यांस केशवरावाचा नमस्कार.

तुमची बहीण माणिकबाई धड आहे, हे आधी वाचा. मग पुढचं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून बातमी पोचण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून घाईनं लिहितो आहे.

मगनीराम शेठची रुईची वखार भर दुपारी पेटली. माणिकबाईचे यजमान, तुमचे जावई सूर्यभान, तिथले राखणदार. ते तेव्हा शेठच्या पेढीवर गेले होते, आणि त्यांची भाकर घेऊन आलेली माणिकबाई दारातच उभी होती. आग आतून, मागच्या भिंतीकडून निघाली. हमालांनी रुईचे बोजे ओढून काढायला सुरुवात केली, पण धूर असा की हाताला हात दिसेना. नत्थुजी नावाचा एक हमाल आत अडकला आणि तिथंच गेला. त्याची बायको गोदाबाई. पोरबाळ नाही.

सूर्यभान परत आले तेव्हा लोक वाटच पाहत होते. त्यांना फार मारलं. डावा हात कोपरापाशी मोडला आहे. आता ते कोठडीत आहेत. कोणी म्हणतं, चिलमीची ठिणगी पडली. कोणी म्हणतं, दुसऱ्या व्यापाऱ्यानं त्यांना फितवलं. कोणी म्हणतं, वखारीसाठी देवीचा लिंब तोडला, तिनं सूड घेतला. ही तिन्ही कारणं मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकली, तीही एकाच दमात, आणि ती एकमेकांना खोडतात हे त्याच्या गावीही नव्हतं.

कोठडीत भेटायला गेलो, तेव्हा सूर्यभान माझ्याजवळ रडले. म्हणाले, "पंतोजी, चिलीम मी वखारीत कधी ओढली नाही." माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण कचेरीतले साहेब विश्वासावर माणूस सोडत नाहीत. त्यांना दुसरं कारण दाखवावं लागेल. पुण्यात शिकत असताना आमचे एक शिक्षक सांगत, की कापूस भरलेली जहाजं कधी कधी भर समुद्रात कोणी न पेटवता पेटतात. कशानं, ते मला धड आठवत नाही. तुम्ही आयुष्यभर कापूस पाहिला आहे. असं काही पाहण्यात आहे का? लवकर लिहा.

शाळेत मुलं नाहीत. सगळी सरकी काढायला गेली आहेत. मी रिकाम्या खोलीत बसून लिहितो आहे.

तुमचा
केशवराव

·

अकोला,
माघ वद्य दशमी

पंतोजीले पंजाबरावचा रामराम.

तुमचं पत्र म्या तीनदा वाचलं. आधी माणिक धड हाय हे लिवलं, ते बरं केलं. तुमी आमच्या घरी राहून गेले, म्हून तुमाले ठावं हाय माहं काळीज कसं हाय ते. मी आताच निंगालो असतो, पन वावरात येचनी चालू हाय. बाया मिळत नाईत. ज्याइले मिळाल्या नाईत थे दुसऱ्याच्या बाया पळवून राहिले. कापसानं सारी दुनिया येडी केली.

कापूस आपोआप पेटते म्हनता, तर म्या काई असं पाह्यलं नाई. पन ओल्या कडब्याची गंजी तापते, हे खरं हाय. एका साली आमच्या गंजीतून वाफ निंगाली. हात घातला तर गुराचं आंबोन शिजवल्यावानी गरम. आमचा बाप म्हने, गंजीले ताप आला. मंग आमी ते सारं उस्कटून वाळू घातलं. कावून तापते ते कोनं इचारलं हाय? तापलं का उस्कटाचं, एवढंच आमाले ठावं.

जवाई चिलीम ओढते, पन भेकड मानूस हाय. इस्तो पाह्यला का दूर होते. त्याइनं आग लावली म्हनाऱ्याइले म्हना, अकोल्याले येऊन मले सांगा.

माणिकले काई कमी पडू देऊ नका. संक्रांतीले तिच्यासाठी जवसाचं तेल बुधलीभर धाडलं होतं, ते पोचलं का, तेबी तिनं कळवलं नाई. घरवाली दुर्गा रोज इचारते. पैशाची फिकीर करू नका.

पंजाबराव

·

अमरावती,
फाल्गुन शुद्ध सप्तमी

पंजाबराव यांस नमस्कार.

सूर्यभान सुटले. हात अजून झोळीत आहे, पण घरी आहेत.

झालं ते सांगतो. मला शेवटी आठवलं. नुसता कापूस तापत नाही. कापसाला तेल लागलं, तर प्रत्येक तंतूवर तेलाचा पातळ थर बसतो आणि हवेतला प्राणवायू त्या तेलाला खाऊ लागतो. खाताना ऊब निघते. उघड्यावर ती उडून जाते. पण तोच कापूस दाबून कोंबला, तर ऊब आतच राहते, वाढते, आणि मग धूर. तुमच्या गंजीतही ऊब कोंडूनच राहत असावी, एवढं मी म्हणेन. कडब्यात तेल नसतं, तेव्हा तिथलं कारण वेगळं असेल.

साहेबांपुढे मी हे करून दाखवायला गेलो. पहिल्यांदा तिळाचं तेल घेतलं. रुई भिजवली, पिळली, मडक्यात दाबली, मडकं पोत्यात गुंडाळून उन्हात ठेवलं. सूर्य कलला तरी मडकं थंड. कचेरीतले कारकून हसले. एक जण म्हणाला, "पंतोजी, यात मीठ घालायचं राहिलं." मी मान खाली घालून घरी आलो. दुसऱ्यांदा तेल बदललं. ऊन चढल्यावर वास सुटला, मग पोत्यातून धुराची रेघ निघाली. साहेबांनी स्वतः हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. 

वखारीत तेल सांडलं होतं. ते रद्दी रुईनं टिपलं गेलं, आणि ती रुई मागच्या भिंतीशी बोज्यांच्या फटीत कोंबली गेली होती. एवढंच झालं. कोणी आग लावली नाही. साहेबांनी तसं लिहून सूर्यभानना सोडलं.

मी फार थकलो आहे. पण दुर्गावहिनींना सांगा, आता काळजी नको.

केशवराव

·

अकोला,
फाल्गुन वद्य द्वितीया

पंतोजी,

तुमचं पत्र आलं तवा दुर्गानं पुरन घातलं. साऱ्या आळीले बोलावलं. मी मोठ्यानं सांगतलं का आमच्या पंतोजीनं मडक्यात धूर काढून जवाई सोडवला.

काल अमरावतीकडून बैलबंड्या आल्या. बंडीवाले आमच्याच लिंबाखाली उतरले. त्यातला एक जन म्हने, "थे वखार जाळनारी बाई तुमची बहीन हाय म्हंते, खरं काय?" मी त्याच्या आंगावर धावलो. मंग त्यानं सारं सांगतलं.

तुमचं पत्र म्या पुन्हा काढून पाह्यलं. तुमी लिवलं, रुईनं टिपलं गेलं. तुमी लिवलं, कोंबली गेली. पंतोजी, तुमी शाळेत पोट्ट्याइले व्याकरन शिकवता. मले सांगा, कोनं टिपलं? कोनं कोंबली? अन् कोनतं तेल होतं?

तुमी मले कावून नाई सांगतलं? मी काई लेकरू हाय?

आंगनात उभा राहून साऱ्या गावाले हसत सांगतलं म्या.

पंजाबराव

·

अमरावती,
फाल्गुन वद्य दशमी

पंजाबराव,

रागावलात, ते बरोबरच आहे. तेल जवसाचं होतं. तुम्ही धाडलेलं. पहिलं मडकं थंड राहिल्यावर तुमचं पत्र आलं, तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, की तीळ सोडून जवस घ्यायला हवं; प्राणवायू त्याला फार झटपट खातो. मी माणिकबाईला विचारलं, "तेल पोचलं का?" ती सहज म्हणाली, "पोचलं, बंडीवाल्यानं वखारीतच उतरवलं, पन बुधली फुटकी निंगाली. आगीच्या आदल्या दिवशी सारं भुईवर आलं. म्या रद्दी रुईनं पुसलं. चूल पेटवाले होईल म्हून मांगं ठेवलं होतं." बोलता बोलता तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबली. तिला कळलं.

मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण मला वाटलं, कारण सापडलं की प्रश्न संपेल. साहेबांनी कचेरीत विचारलं, "हे तेल पुसलं कोणी?" मी म्हणणार होतो, ते महत्त्वाचं नाही. तेवढ्यात माणिकबाई उभी राहून म्हणाली, "म्या." साहेब म्हणाले, नकळत घडलं, गुन्हा नाही. पुढच्या कामाला लागले. पण कचेरीबाहेर गर्दी होती. नकळत हा शब्द बाहेर पोचला नाही. बाई हा शब्द पोचला.

आता विहिरीवर बायका तिच्या घागरीपासून आपल्या घागरी सरकवून घेतात. काल-परवापर्यंत जे सूर्यभानना आग लावणारा म्हणत होते, तेच आता हळहळतात, की बायकोपायी गरिबानं मार खाल्ला. मारणारेही त्यातच. आपण मारलं, याचं कारण कोणी शोधत नाही. देवीचं नाव घेणारेही गप्प बसलेले नाहीत. ते म्हणतात, तेल तर घरोघरी सांडतं, मग याच बाईचं का पेटलं? म्हणजे माझं मडकं त्यांच्याच कामी आलं.

मी रात्रंदिवस याचाच विचार करतो आहे. कापूस का पेटला, ते सांगता आलं. माणसं का पेटली, ते सांगता येईल का? मी लिहायला बसलो होतो, की यंदा भाव वर जाऊन खाली येतो आहे, सगळे घाबरलेले आहेत, दडपलेली भीती कापसासारखी आतून तापते. वाक्य छान जमलं होतं. मग मी ते खोडलं. कापूस जवळ असेल त्याला जाळतो. माणसांनी तसं केलं नाही. शेठच्या अंगाला कोणी हात लावला नाही, जरी दारापर्यंत बोजे रचून वाटच बंद केली होती त्यानं. त्यांनी सूर्यभानना निवडलं, नंतर माणिकबाईला. निवडणाऱ्याचं वागणं मडक्यात दाखवता येत नाही.

आणि दोष? तो कोणाचा? मी शाळेत शिकवत आलो, की जाणून केलं ते पाप, नकळत घडलं तो अपघात. मला अजूनही तेच खरं वाटतं. पण परवा गोदाबाई शाळेत आली. नत्थुजीची बायको. दारातच बसली. म्हणाली, "आग कोनी लावली नाई म्हनता. मंग माहा मानूस कोनं मारला?"

मी तिला सगळं समजावलं. तेल, रुई, प्राणवायू. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "थो वायू कुठं राहते?"

मी म्हणालो, सगळीकडे. तुमच्या-माझ्या श्वासातही.

तिनं पदर सावरला. मग उठून गेली. पंजाबराव, मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. तरी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

केशवराव

·

अकोला,
चैत्र शुद्ध तृतीया, शके १७८७

पंतोजीले रामराम.

मांगच्या पत्रात जास्त बोललो. तुमचं बी खरं हाय.

तुमचं पत्र आल्यापासून मी हाच हिसाब करून राहिलो का दोष कोनाचा. तेल पुसनारीचा म्हनलं, तर तेल म्या धाडलं. बुधली म्या बांधली, अन् फुटकी हाय का ते पाह्यलं नाई. माहा म्हनलं, तर शेठनं दारापरेंत बोजे कावून रचले? तर भाव चढीन म्हून. भाव कावून चढला? तर तिकडं समुद्रापार गोरे लोक आपसात लढून राहिले म्हून. मंग नत्थुजीले त्याइनं मारलं का? असं मांगं मांगं जात गेलो, तर पंतोजी, कोनीच हाती लागत नाई. अन् कोनीच सुटत बी नाई. दुर्गा म्हने, "तुमी जेवून घ्या आता."

मी असा बसून राहिलो तर माही बहीन तिथं सुकून जाईन. तिचं तिथं आता काय हाय? बंडी धाडून राहिलो. दोघाइलेबी घेऊन येईन. जवायाले इकडं काम भेटते. आगगाडीची सडक बांधनं चालू हाय, एका हातानं होईन असं बी काम असते. नाई भेटलं तर वावर हाय.

तुमी तिले समजावून बंडीत बसवा. ती हट्टी हाय.

पंजाबराव

·

अमरावती,
वैशाख शुद्ध पंचमी

पंजाबराव यांस नमस्कार.

तुमची बंडी आज सकाळी निघाली. दोघंही त्यात आहेत. हे पत्र आधी पोचेल की ती, सांगता येत नाही.

समजवायची वेळ आली नाही. सूर्यभान आधीच तयार होते. माणिकबाईनं भांडी बांधली, शेजारी उसनं आणलेलं पीठ परत केलं, आणि म्हणाली, "मले एका घरी जाऊन येऊ द्या." मला वाटलं, देवळात जाईल. ती हमालपुऱ्यात गेली, गोदाबाईकडे. मी घाबरून मागे गेलो. आळीतल्या बायका दारादारांत उभ्या राहिल्या. कोणी तरी माती भिरकावली, ती तिच्या पदराला लागली. तिनं झटकलीही नाही. आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी बाहेर ओट्यावर बसलो. आत काय होईल याची मला धास्ती होती. आरडाओरडा ऐकू आला नाही. फार वेळ माणिकबाईचाच हलका आवाज येत होता. मधेच गोदाबाई हसल्यासारखं वाटलं. ते हसणं नव्हतं बहुधा. मग दोघींचं रडणं. दार उघडलं तेव्हा गोदाबाई उंबऱ्यापर्यंत आली होती. बाहेरच्या बायकांकडे पाहून तिनं एवढंच म्हटलं, "जा आपापल्या घरी." आणि त्या गेल्या.

माझा असा समज आहे, की माणिकबाईनं क्षमा मागितली आणि गोदाबाईनं ती दिली. वाटेत मी तसं विचारलंही. ती नुसती मान हलवत राहिली. त्यातून हो की नाही, ते कळलं नाही. तुम्हाला सांगेल तर मला कळवा.

समुद्रापारची लढाई थांबल्याची खबर आली आहे. बाजारात भाव का कोसळला ते प्रत्येक जण दुसऱ्याला समजावून सांगतो आहे. मगनीराम शेठनं पेढी आवरली. शाळेत मुलं परत येऊ लागली आहेत. परवा एकानं विचारलं, "पंतोजी, तो मडक्याचा चमत्कार दाखवा ना." मी त्याला पाढे म्हणायला लावले.

केशवराव

·

अकोला,
वैशाख वद्य प्रतिपदा

पंतोजीले पंजाबराव अन् दुर्गाचा रामराम.

दोघं सुखानं पोचले. जवायाचा हात वाकडाच बसला. माणिक बारीक झाली, पन जेवते. आल्यावर काई दिवस बोलली नाई. काल दुर्गासंगं तूर निवडत बसली होती, तवा तिनं सांगतलं. मी इकडं बसून ऐकलं. तुमी इचारलं होतं म्हून जसं ऐकलं तसं लिवतो.

माफीचं तसं नाई झालं. माणिक आत गेली अन् बोलाले लागली का, गोदाबाई, थे तेल म्या पुसलं, थे रुई म्या ठेवली. गोदाबाईनं तिले तिथंच थांबवलं. म्हने, "ते मले साऱ्याइनं सांगतलं. पंतोजीनं सांगतलं, शेठच्या मानसानं सांगतलं, देवीवाल्यानं सांगतलं. आग कशानं लागली ते मी ऐकून ऐकून थकली. तू तिथं दारात होतीस ना? मंग त्याचं सांग. थो कसा होता?"

पंतोजी, हे तिले कोनीच सांगतलं नव्हतं. इतके दिवस झाले, कोनीच नाई.

मंग माणिकनं सांगतलं. नत्थुजी पहिल्यांदा आत गेला तवा बोजा घेऊन बाहेर आला. माणिकनं त्याले पानी देलं. त्याच्या मिशा एका बाजूनं जळाल्या होत्या. त्यानं बोटानं चाचपून पाह्यलं अन् हसला. म्हने, "आता गोदी मले घरात घेत नाई." चूळ भरली. माणिक म्हने, भाऊ, आता नका जाऊ. थो म्हने, अजून एक पोट्टा आत हाय, त्याले हाक मारून येतो. अन् गेला. थो पोट्टा दुसऱ्या बाजूनं कवाच बाहेर पडला होता, हे त्याले ठावं नव्हतं. ओरडला काय, हेबी गोदाबाईनं इचारलं. माणिक म्हने, नाई. धूर लय होता. आवाज नाई आला.

गोदाबाई जराशी हसली म्हने, मिशांचं ऐकून. मंग रडली. मंग डोळे पुसून माणिकले म्हने, "पुन्हा सांग." माणिकनं पुन्हा सांगतलं. थे म्हने, पानी कशात देलं? माणिक म्हने, लोट्यात. थे म्हने, पुरं पेला का? माणिक म्हने, पुरं पेला.

पंजाबराव